मातीला दिलेलं

"मेलेल्याच्या अंगावरचं सोनं काढून घेणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते तुला ठाऊक आहे," मामा म्हणाले. "तोच माणूस साडेचार हजार वर्षांनी हातात ब्रश घेऊन आला, की विद्वान कसा होतो?"

विषय निघाला होता इराकमधल्या ऊरच्या शाही दफनभूमीवरून. मामांची उमेदीची वर्षं बोटीवर गेली. १९८० मध्ये इराण-इराक युद्ध पेटून शत्त-अल-अरब नदीतली ये-जा बंद पडली, तोवर ते बसऱ्याला जाऊन येऊन असायचे. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर आगरदांड्यात, मुरूडला, श्रीवर्धनला पुष्कळ घरांत आखाताशी असं काही ना काही नातं आहे. त्यामुळे बसरा म्हटलं की आमच्याकडे नकाशा काढावा लागत नाही. ऊर त्याच बसऱ्याच्या वायव्येला, नासिरिया शहराजवळ. मामा तिथवर कधी गेले नव्हते. मी पुरातत्त्व शिकले, त्यातही माणसांच्या हाडांचा अभ्यास, आणि या विषयात ऊर टाळून पुढे जाताच येत नाही. मामांचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत मांडते आहे, कारण आमच्या क्षेत्रातली माणसं हा प्रश्न एकमेकांना फार क्वचित विचारतात.

लिओनार्ड वूली यांनी १९२२ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं संग्रहालय यांच्या वतीनं ऊरला खोदायला सुरुवात केली. पहिल्याच हंगामात एका चरात सोन्याचे मणी निघाले, आणि वूलींनी तो चर तिथंच थांबवला. कामगारांचा हात बसला नव्हता, त्या जागेतले मातीचे थर त्यांना स्वतःलाही अजून पुरते उमगले नव्हते. कबरींच्या कामाला त्यांनी हात घातला तो १९२६ मध्ये. सोनं दिसत असताना चार वर्षं थांबणं किती कठीण, हे ज्यानं चरात बसून खुरपी चालवली आहे त्यालाच कळेल.

पुढच्या काही हंगामांत सुमारे १,८५० कबरी उघडल्या गेल्या. बहुतेक साध्या: चटईत गुंडाळलेला देह, हाताशी एक वाडगा. सोळा कबरींना वूलींनी शाही म्हटलं. त्यांतली एक पुआबी नावाच्या राणीची. तिचं नाव कळलं ते तिच्याजवळच्या लाजवर्दाच्या मुद्रेवरून. डोक्यावर सोन्याच्या पानांचे गजरे, अंगावर सोनं, चांदी, लाजवर्द आणि तांबड्या अकीकाच्या मण्यांची झूल. शेजारच्या खड्ड्यांमध्ये बैलगाड्या, वीणा, भांडी आणि माणसं. लाकूड कुजून गेलेलं असायचं. पण त्याच्या जागी मातीत पोकळी राहायची, आणि वूली त्या पोकळीत प्लास्टर ओतून नाहीशा झालेल्या वाद्याचा आकार परत मिळवायचे. चिरडलेल्या वस्तूवर मेण आणि पातळ कापड घालून ती अख्खी उचलायची. हे सगळं मी मोठ्या उत्साहानं सांगत होते. मामांनी ते शांतपणे ऐकलं, आणि वरचा प्रश्न विचारला.

मी म्हटलं, "मामा, चोर वस्तू उचलतो. आम्ही वस्तू कुठं होती, कशाच्या वर होती, कशाच्या खाली होती, हे आधी लिहितो आणि मग उचलतो. चोरानं काढलेला मणी नुसता मणी राहतो. वूलींनी काढलेला मणी कुणाच्या गळ्यात होता, हे आजही सांगता येतं."

"उचलताच ना पण? आपल्याकडे सवाष्ण गेली की हिरवा चुडा भरतात, कुंकू लावतात, नवं लुगडं नेसवतात. तोंडात तुळशीपत्र, गंगाजल, जमेल त्याच्या घरी सोन्याचा कण. ते दिलेलं असतं, बाय. हिशेब करून ठेवलेलं नसतं. त्या पुआबीला तिच्या माणसांनी जे दिलं, ते तुम्हाला कुणी दिलं?"

"कुणीच नाही."

"मग?"

मी त्यांना मोठ्या खड्ड्याबद्दल सांगितलं. शाही कबरींमधली एक जागा अशी आहे, जिला वूलींनी मृत्यूचा महाखंदक असं नाव दिलं. तिथं ७४ माणसं होती. त्यांतल्या ६८ बायका, ओळीनं निजवलेल्या, बहुतेकींच्या केसांत सोन्या-चांदीच्या फिती. दाराशी हत्यारं घेतलेले सहा पुरुष. एका मुलीच्या केसांत फीत नव्हती. चांदीची ती फीत गुंडाळी करून तिच्या कमरेशी होती. वूलींनी लिहिलं की तिला उशीर झाला असावा, तयार व्हायला वेळ मिळाला नसावा. खड्ड्यात पेले सापडले होते. त्यावरून त्यांनी असं चित्र उभं केलं की ही सगळी माणसं आपल्या धन्याबरोबर जायला स्वखुशीनं आली, विषाचा घोट घेतला आणि शांतपणे आडवी झाली.

"स्वखुशीनं," मामा म्हणाले. "अडुसष्ट बाया."

"तेच सांगते. २००९ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या संग्रहालयात दोन कवट्यांचं सीटी स्कॅन झालं. एक त्या खड्ड्यातल्या बाईची, एक दुसऱ्या शाही कबरीतल्या शिपायाची. दोन्ही कवट्यांवर हत्याराच्या घावाची खूण निघाली. घाव जिवंतपणीचा, डोक्यावर मारलेला. शिवाय देह टिकावेत म्हणून त्यांना आच दिलेली होती आणि पाऱ्याचं संयुग लावलेलं होतं. म्हणजे सोहळा होईपर्यंत हे देह नटवून ठेवले होते. ती शांत मरणाची गोष्ट ऐंशी वर्षं पुस्तकांतून छापली गेली. ती खोटी पाडली त्याच मुलींपैकी एकीच्या कवटीनं. कबर उघडली नसती तर तिचा खून झाला हे कुणालाही कळलं नसतं. राजाच्या माणसांनी तो झाकला होता, सोन्यानं झाकला होता. मामा, तिथं जे ठेवलं ते प्रेमानं दिलेलं होतं असं तुम्ही धरून चालता आहात."

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे विचारलं, त्यानं माझ्या बाजूचा सगळ्यात कच्चा सांधा नेमका हुडकला. "चौऱ्याहत्तर माणसं होती म्हणालीस. कवट्या दोनच का तपासल्या?"

कारण बाकीच्या बहुतेकांची हाडं टिकवलीच गेली नाहीत. दोन हजारांच्या आसपास माणसांच्या त्या दफनभूमीतून सोन्याचं पान न् पान जपलं गेलं, मण्यांच्या माळा ओवून पुन्हा घडवल्या गेल्या, आणि माणसं मात्र थोडीच उचलली गेली. चुरडलेली हाडं मेणाच्या गोळ्यासकट संग्रहालयात पोचली ती सोन्याला चिकटली होती म्हणून. वूली हे त्यांच्या काळातले अतिशय काटेकोर खोदणारे, त्यांच्या टिपणांवर आम्ही आजही काम करतो. पण त्या काळी वस्तू म्हणजे पुरावा आणि हाड म्हणजे राडारोडा, अशी सर्रास समजूत होती. मला याचा राग येतो. त्या मुलींना दोनदा टाकून दिलं गेलं.

"बघ," मामा म्हणाले, "म्हणजे सोनं घ्यायलाच गेले होते."

हे मी मान्य केलं नाही, आजही करत नाही. सोन्यासाठी गेलेला माणूस चार वर्षं थांबत नाही. पण मालाची वाटणी झाली हे खरं. त्या वेळच्या इराकी कायद्याप्रमाणे अर्धा वाटा बगदादला राहिला, उरलेला लंडन आणि फिलाडेल्फियात विभागला गेला. पुआबीचा शिरोभूषणांचा साज आज फिलाडेल्फियात आहे. झुडपाशी उभ्या बोकडाच्या दोन मूर्ती एकाच खड्ड्यात होत्या, आता एक अमेरिकेत आणि एक इंग्लंडमध्ये. बगदादच्या वाट्याला सोन्याच्या बैलमुखाची वीणा आली. एप्रिल २००३ मध्ये संग्रहालय लुटलं गेलं तेव्हा तिची मोडतोड झाली. मामांना मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं की ते म्हणतील, बरं झालं बाकीचं बाहेर होतं. ते म्हणाले, "एका घरातल्या माणसांना तीन गावांत वाटलं."

त्यांना समुद्र कळतो, म्हणून मी वाट बदलली. पुआबीच्या अंगावरचा तांबडा अकीक इराकमधला नाही. ऊरच्या टापूत दगडच मिळत नाही, सगळी गाळाची जमीन. ते लांब, दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले मणी आणि पांढरी नक्षी कोरलेले तांबडे मणी सिंधू संस्कृतीच्या कारागिरांचे. अशा एकेका लांब मण्याला भोक पाडायला कित्येक दिवस लागत. अकीक मिळायचा गुजरातेत, नर्मदेच्या मुखाजवळच्या रतनपूरच्या टापूत. खंबातचे कारागीर आजही तिथलाच दगड भाजून लाल करतात. हा दगड तयार झाला दख्खनच्या लाव्ह्यातल्या पोकळ्यांमध्ये, म्हणजे आगरदांड्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला जो काळा कातळ उघडा पडतो, त्याच कातळाच्या पोटात. पुढे अक्कडचा राजा सारगॉन अभिमानानं नोंदवतो की मेलुहाची, मगनची आणि दिलमूनची जहाजं त्याच्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दिलमून म्हणजे बहारीन.

मामांचा चेहरा खुलला. "म्हणजे आमचाच रूट."

"तुमचाच. आणि हे कबरीमुळे कळलं. घरं पडतात, बाजार उठतात, माणसं जाताना चांगल्या वस्तू बरोबर नेतात. कुणी मुद्दाम, नीट, जागच्या जागी ठेवलेली वस्तू फक्त कबरीत मिळते."

"बहारीनच्या कबरी मी बघितल्यात," ते म्हणाले. "आली म्हणून गाव आहे, कुंभारांचं. भट्ट्यांच्या पाठीमागे हे मोठाले मातीचे डोंगर. आम्हाला वाटलं भट्टीची राखच असेल. तिथल्या एकानं सांगितलं, कबरी आहेत, हजारोंनी आहेत. पुढच्या वेळी गेलो तर रस्ता झाला होता, आणि एका बाजूचे डोंगर सपाट."

दिलमूनच्या त्या टेकड्या इसवी सनापूर्वी २२०० ते १७५० च्या दरम्यानच्या. एकवीस ठिकाणच्या उरलेल्या ११,७७४ टेकड्यांना २०१९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तोवर किती रस्त्याखाली आणि वसाहतींखाली गेल्या होत्या, ते मामांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या दृष्टीनं खरा पेच इथं आहे. कबर उघडावी की मिटलेली ठेवावी, असा निवांत पर्याय आपल्या हातात क्वचित असतो. एक तर खुरपी येते, नाही तर जेसीबी येतो. दक्षिण इराकमध्ये २००३ नंतर उम्मा आणि इसीनसारख्या जागा चोरांनी खड्डे खणून चाळणी करून टाकल्या. ऊर वाचलं, कारण ते लष्करी विमानतळाच्या कुंपणाआड होतं.

"म्हणजे जेसीबी येणार म्हणून तुम्ही आधी जाता," मामा म्हणाले. "इनामगावला कुठला जेसीबी आला होता?"

इनामगावचं नाव त्यांनी माझ्याच तोंडून पूर्वी ऐकलं होतं, आणि मला जे टाळायचं होतं ते आता टळणार नव्हतं. महाराष्ट्रातल्या उत्खननांमध्ये मला सर्वांत जवळचं वाटतं ते हेच. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली तिथं हंगामामागून हंगाम काम केलं. एवढी वर्षं एका ताम्रपाषाणयुगीन खेड्याला देणं हे भारतात फार थोड्या वेळा घडलं आहे. राजा नाही, मंदिर नाही, सोन्याचे गजरे नाहीत. साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० पर्यंत नांदलेलं गाव: कुडाच्या भिंतींची घरं, धान्याची कोठारं, पाण्याचा पाट आणि बांध. आणि घरांच्या जमिनीखाली, अंगणात, अडीचशेहून अधिक दफनं. त्यांतली बहुतेक लहान मुलांची.

मूल गेलं की दोन रांजण घ्यायचे, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि आत ते मूल. डोकं उत्तरेला. शेजारी लहानशी भांडी. खड्डा घरातच, जमिनीखाली. मोठ्या माणसांना उताणं, सरळ निजवून पुरायचे, त्यांचंही डोकं उत्तरेला, आणि बहुतेकांचे पाय घोट्याच्या वर तोडलेले. माणूस उठून कुठं जाऊ नये म्हणून ते तोडत असावेत, असा तर्क आहे. गावातल्या सगळ्यांत मोठ्या घरांपैकी एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र वेगळंच दफन निघालं. चार पायांचा मोठा मातीचा रांजण आणि त्यात मांडी घालून बसलेला पुरुष. त्याचे पाय शाबूत.

"बसवलेला," मामा म्हणाले. "संन्याशाला समाधी देतात तसा. आणि पोरांना पुरायचं, हे तर आजही आहे. दात यायच्या आत गेलेल्या मुलाला आपल्याकडे कोण जाळतं?"

हे साम्य माझ्याही मनात येतं. तीन हजार वर्षांचा सरळ धागा ओढायला मी धजत नाही. मधल्या किती पिढ्या, किती रीती आपल्याला दिसतच नाहीत. पण मामांनी ते साम्य माझ्या कामी येईल म्हणून काढलं नव्हतं. "त्या बाईनं आपलं पोर घरात पुरलं," ते म्हणाले. "गावाबाहेर नेलं नाही. चुलीपासून चार पावलांवर ठेवलं. का? तिला ते जवळ हवं होतं. आणि तुम्ही ते उचलून पुण्याला नेलंत. ऊरला राजा होता, खून होता, ते एक वेळ पटलं मला. इथं कसला खून उघडकीला आणायचा होता?"

मी इथं अडखळले. मग मला जे माहीत होतं तेच सांगितलं, कारण त्याच्याहून चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही.

"भूक," मी म्हटलं. "भूक उघडकीला आली. इनामगावच्या हाडांचा आणि दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला, त्याचा खंड १९८६ मध्ये निघाला. मुलाचं पोषण तुटलं की दाताच्या एनॅमलवर आडवी रेघ उमटते, ती मरेपर्यंत जात नाही. हाडाची जाडी सांगते की मूल वयाच्या मानानं वाढलं की खुंटलं. २०११ मध्ये ग्वेन रॉबिन्स शूग यांनी इनामगाव ज्यात मोडतं त्या जोर्वे संस्कृतीच्या मुलांची हाडं पुन्हा तपासून पुस्तक लिहिलं. इसवी सनापूर्वी १००० नंतर, गावाच्या शेवटच्या काळात, मुलं लहान चणीची झाली होती, अंगावर मांस नव्हतं. शेती मागे पडत होती. मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या होत्या. त्या आईनं घरात पोर पुरलं, कारण तिला ते जवळ हवं होतं, बरोबर आहे. पण ते का गेलं, हे तिच्या गावाची कुठलीही पोथी सांगत नाही. पोथ्या नव्हत्याच. राजांचे शिलालेख असतात. उपाशी मुलांचा लेख फक्त त्यांच्या दातांवर असतो."

"तो वाचून तिला काय मिळालं?"

"तिला काही नाही."

"तुला?"

मी खरं ते सांगितलं. नेवाशाच्या उत्खननात एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली होती. तांब्याच्या गंजानं आतला धागा टिकवला, आणि तपासल्यावर तो रेशीम आणि कापसाचा निघाला. ताम्रपाषाणयुगाच्या इतिहासात ही फार मोठी गोष्ट आहे, वस्त्रांवर लिहिणारा प्रत्येकजण ती सांगतो. मला मात्र त्या धाग्यामागे एक मनुष्य दिसतो, ज्यानं गरीब खेड्यात, मेलेल्या मुलासाठी, घरात होता तो सगळ्यात चांगला दोरा काढला. प्रागैतिहासिक माणूस म्हणजे रानटी, भुकेला, फक्त पोटामागे धावणारा, असं आपण सहज बोलून जातो. हा धागा पाहिल्यावर तसं बोलायला माझी जीभ वळत नाही. हे ज्ञान कुणाच्या पोटाला घालत नाही, पण ते नसतं तर आपण त्या माणसांबद्दल खोटं बोलत राहिलो असतो.

यावर मामांनी वाद घातला नाही. त्यांनी बसऱ्याची एक गोष्ट सांगितली, आणि या सगळ्या बोलण्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच.

बसऱ्याच्या उत्तरेला मकील म्हणून बंदर आहे. तिथल्या धक्क्यावर त्या काळी इंग्रजांनी बांधलेलं एक स्मारक उभं होतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जे मेले आणि ज्यांची कबर सापडली नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचं. एका सुट्टीच्या दिवशी बोटीवरचे चौघे-पाच जण बघायला गेले. दगडावर इंग्रज शिपायांची नावं ओळीनं कोरलेली. मग हिंदी पलटणी. मराठा पलटणीचं नाव दिसलं तसे हे सगळे पुढे सरकले, कारण कोकणात त्या लढाईला कुणी ना कुणी गेलेलं घर पुष्कळ गावांत सापडतं. सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीनं टेकीला येऊन शरण गेल्या. त्या दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं होती. साध्या शिपायांची नव्हती. त्यांच्या जागी फक्त आकडा होता: आणखी इतके.

"आम्ही नावं शोधत होतो," मामा म्हणाले. "आमच्यातल्या एकाचा आजा तिकडे गेला तो आला नव्हता. तो बोटानं ओळी लावत खालपर्यंत गेला आणि आकड्याशी थांबला. इंग्रज शिपायाला नाव, आमच्या माणसाला बेरीज."

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं २०२१ मध्ये अहवाल काढून मान्य केलं की हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन मृतांपैकी हजारोंना असमान वागणूक मिळाली, आणि एक लाखाहून अधिक जणांची नावानं नोंदच झाली नाही. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी त्याबद्दल माफी मागितली. मकीलचं स्मारक सद्दाम हुसेनच्या हुकमानं १९९७ मध्ये हलवण्यात आलं. ते आता नासिरियाच्या रस्त्यावर आहे. म्हणजे पुआबीच्या गावाच्या वाटेवर.

"मामा," मी म्हटलं, "त्या आज्याची कबर सापडली असती तर उघडू दिली असती तुम्ही?"

"उघडायलाच लावली असती," ते ताडकन म्हणाले. आणि मग सावकाश: "पण त्याचं नाव लावायला. घरी कळवायला. बिल्ला असेल तो घरच्यांना द्यायला. काचेच्या पेटीत ठेवायला नव्हे."

इथपर्यंत आल्यावर आमचा वाद पहिल्यासारखा उरला नव्हता. कबरीला हातच लावू नये, हे त्यांचं म्हणणं त्यांनी सोडलं होतं. ज्ञान मिळतं एवढ्यावर सगळं माफ, हे माझं म्हणणं मलाच पुरेनासं झालं होतं. प्रश्न राहिला तो उघडल्यानंतरच्या वागणुकीचा. कुणासाठी माती उकरावी लागते आणि कुणासाठी नाही, हे आमच्या वाटेवरच दिसतं: मुरूडकडून आगरदांड्याला येताना खोकरीचे घुमट, म्हणजे सिद्दी सत्ताधाऱ्यांची थडगी, लागतात. सिद्दी सुरूलखानाचा घुमट सर्वांत मोठा, त्यानं तो हयातीतच बांधून घेतला असं सांगतात. शेजारी सिद्दी कासीम आणि सिद्दी खैरियत. तिथं काही उकरायची गरज नाही. ज्यांच्याकडे सत्ता होती त्यांनी दगडात स्वतःची नोंद ठेवली. याच राजपुरी खाडीच्या आतल्या अंगाला कुड्याची सव्वीस लेणी आहेत, आणि तिथं दान देणाऱ्यांच्या लेखांत राजघराण्यातल्यांच्या बरोबरीनं एका माळ्याचं, लोखंडाच्या व्यापाऱ्याचं नाव येतं. मला त्या माळ्याचं नाव वाचताना दरवेळी आनंद होतो. पण असा माळी हजारांत एक. बाकीच्यांसाठी माती चाळण्याखेरीज मार्ग नाही, आणि ती चाळायला हवी, यावर मी ठाम आहे.

मामांनी मग अगदी व्यवहाराचं विचारलं. बंदराची कामं चालू असतात, घरांचे पाये खणले जातात. उद्या आपल्याच कंपाउंडमध्ये रांजण लागला तर काय करायचं? मी सांगितलं: काम थांबवायचं, रांजण जागचा हलवायचा नाही, आत हात घालायचा नाही, तहसीलदारांना लेखी कळवायचं. जमिनीत सापडलेल्या जुन्या ठेव्याची खबर कलेक्टरला देणं हा १८७८ पासूनचा कायदा आहे. हलवला की अर्धी माहिती गेली.

"कळवीन," ते म्हणाले. "पण माझ्या तीन अटी. हाडं आधी, भांडी मग. ऊरसारखं व्हायला नको. दुसरी, जे कळेल ते मराठीत लिहून इथल्या शाळेत ठेवायचं, नुसतं इंग्रजीत छापून पुण्या-मुंबईला नाही."

या दोन्ही मला बिनशर्त मान्य होत्या. इनामगावचे जाडजूड अहवाल इंग्रजीत आहेत. त्या गावच्या मुलीला आपल्या अंगणाखाली काय निघालं ते वाचायला आधी परकी भाषा शिकावी लागते. हे बदलणं आमच्या पिढीच्या हातात आहे आणि त्याला पैसाही फार लागत नाही.

"तिसरी. अभ्यास झाला की पोर परत तिथंच ठेवायचं. मण्यासकट."

ही अट मी नाकारली. कारणही सांगितलं. इनामगावची हाडं निघाली सत्तरच्या दशकात. तेव्हा जे विचारणंही शक्य नव्हतं, ते रॉबिन्स शूग यांनी तीसहून अधिक वर्षांनी विचारलं, कारण हाडं कपाटात होती. ऊरच्या कवट्यांना ऐंशी वर्षं वाट पाहावी लागली. हरयाणात राखीगढीला डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकानं काढलेल्या हाडांतून ६१ नमुने डीएनएसाठी तपासले गेले, आणि फक्त एका बाईच्या हाडानं उत्तर दिलं. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. उरलेल्या साठांना उद्याचं एखादं तंत्र बोलतं करील. परत पुरलं तर कोकणातल्या पावसात आणि आम्लधर्मी मातीत काही वर्षांत हाड विरघळून जाईल. ते दार पुढच्या पिढीसाठी आपण बंद करू.

"मग किती वर्षं ठेवणार? मुदत सांग."

"मुदत नाही सांगता येत."

"मुदत नसेल तर ते उसनं नव्हे," मामा म्हणाले. "उसनं म्हटलं की परतीचा दिवस आला. तुम्ही ते घेतलेलं आहे. कामाचं असेल, चांगल्यासाठी असेल, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण त्या पेटीखाली पाटी लावता ना, सापडलं, मिळालं, प्राप्त झालं अशी? तिथं लिहा, की घेतलं."

इनामगावच्या त्या घरांच्या जमिनीखालून आम्ही मुलं घेतली. त्यांच्या आईबापांना विचारलं नाही, विचारता येणारही नव्हतं. ती आम्ही परत करणार नाही. पुढच्या वेळी पाटीचा मजकूर लिहायची वेळ माझ्यावर आली, तर मी हे असंच लिहीन, आणि वरिष्ठांनी खोडलं तर पुन्हा लिहून देईन.